लादीतला शेजार

मराठी घरात काय काय होत असे, याची यादी लांबलचक आहे. पापड, कुरडया, सांडगे, शेवया, मेतकूट, भाजणी, वर्षभराचा मसाला, वर्षभराचं लोणचं. विकतच्या जिन्नसाला नाक मुरडणाऱ्या या स्वयंपाकघरानं पाव मात्र कधी अंगावर घेतला नाही. बटाटेवडा घरचा, पाव बाहेरचा. मटकीची उसळ घरची, तिच्यावरचा कट घरचा, पाव बाहेरचा. पावभाजीतली भाजी घरच्या कुकरमध्ये शिजायची आणि लादी वर्तमानपत्रात गुंडाळून कोपऱ्यावरच्या बेकरीतून यायची.

याचं एक कारण उघड होतं. घरात भट्टी नव्हती. आपला रोजचा स्वयंपाक खालून लागणाऱ्या आचेवर होतो. तवा, कढई, पातेलं, सगळ्यांना धग खालूनच. चारी बाजूंनी कोरडी उष्णता देण्याची सोय चुलीत नव्हती आणि शेगडीतही नव्हती. कधी भानोळं करायचं तर झाकणावर निखारे ठेवायचे, एवढीच काय ती वरची आच. पण पाव घरात न होण्यामागे भट्टीखेरीज आणखीही एक कारण होतं, आणि ते भट्टीपेक्षा जुनं होतं. पाव कुणाच्या हातचा, हा प्रश्न.

माझी आजी पाव खात नसे. का, विचारलं की म्हणायची, "पायानं तुडवतात ते पीठ." तुडवताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती बेकरीच्या पायरीवरसुद्धा कधी चढली नव्हती. तरी तिच्या पिढीतल्या अनेक बायकांना हे पक्कं ठाऊक होतं आणि सगळ्या ते एकाच सुरात सांगत. गंमत अशी, की घरात कुणाला ताप आला आणि डॉक्टरांनी दूध-पाव सांगितला, की तोच पाव आजी स्वतःच्या हातानं कुस्करून दुधात घालत असे. आजाऱ्याला चालायचा. तिला चालायचा नाही. आम्हाला तिनं कधी अडवलं नाही, पण पाव खाल्लेली बशी वेगळी घासायला पडायची, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

आता ओव्हन पुष्कळ घरांत आला आहे. 2020 च्या टाळेबंदीत तर दुकानातलं यीस्ट मिळेनासं झालं, इतके लोक घरी पाव करायला लागले. त्यांतले बरेचजण नंतर थांबले. मी थांबले नाही. रविवारी सकाळी घरात पाव भाजल्याचा वास आला नाही तर घरातल्या माणसांना रविवार झाल्यासारखा वाटत नाही.

माझं प्रमाण साधं आहे. 300 ग्रॅम मैदा, दूध आणि पाणी मिळून 200 ग्रॅमच्या आसपास, 5 ग्रॅम कोरडं यीस्ट, 6 ग्रॅम मीठ, चमचाभर जास्त वाटेल इतकी साखर आणि 25 ग्रॅम लोणी. यात नऊ पाव होतात. गोळा पहिल्यांदा इतका चिकट होतो, की नवशिक्याचा हात आपोआप मैद्याच्या डब्याकडे जातो. तो हात आवरला की अर्धी लढाई जिंकली. वरून घातलेला प्रत्येक मूठभर मैदा पावाचा मऊपणा खातो.

पुरणपोळीची कणीक ज्यांनी तिंबली आहे त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. पाण्याचा आणि तेलाचा हात लावत ती कणीक तिंबायची, आपटायची, ताणायची, तार सुटेपर्यंत. मैद्यात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी मिळालं की ती एकमेकांत गुंततात. एकामुळे पिठाला ताण येतो, दुसऱ्यामुळे ते न तुटता लांबतं, आणि दोघांचं मिळून जे जाळं विणलं जातं ते ग्लुटेन. पुरणपोळीला हे जाळं पुरण पोटात घेऊन पातळ लाटलं जाण्यासाठी लागतं. पावाला ते वाफ आणि वायू कोंडून धरण्यासाठी लागतं. लोणी शेवटी घालायचं, कारण स्निग्धपणा आधीच पिठाला माखला तर प्रथिनांना पाणी धड मिळत नाही आणि जाळं कच्चं राहतं. मळणं पुरं झालं की नाही हे बघायला लिंबाएवढा गोळा दोन्ही हातांच्या बोटांवर हळूहळू ताणायचा. पापुद्रा न फाटता त्यातून खिडकीचा उजेड दिसला, की पीठ तयार.

मऊपणाची दुसरी किल्ली मला पूर्वेकडून आलेल्या एका युक्तीत सापडली. थोडा मैदा पाचपट पाण्यात किंवा दुधात कालवायचा, मंद आचेवर ढवळत साधारण 65 अंशांपर्यंत तापवायचा आणि खळ झाली की गार करून उरलेल्या मैद्यात मिसळायची. चिनी भाषेत याला तांगझोंग म्हणतात. तैवानच्या ईव्होन चेन यांच्या पुस्तकानं ही पद्धत पुष्कळ लोकांपर्यंत पोचवली. वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण ही तर उकड. मोदकाची पारी आपण अशीच करतो. तांदळाच्या पिठात ग्लुटेन नाही, म्हणून उकळत्या पाण्यात ते शिजवून त्यातल्या स्टार्चला फुगवून घ्यायचं आणि त्याच्या चिकटपणावर पारी वळायची. ज्वारीची भाकरी विरी जाऊन फुटू नये म्हणून आधणाचं पाणी घालतात, तेही याच हेतूनं. शिजलेला स्टार्च कच्च्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी धरून ठेवतो. मैद्यातल्या या उकडीमुळे पाव दुसऱ्या दिवशीही ओलसर राहतो. उकडीचं हे ज्ञान आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होतं आणि पावाला ते उपयोगी पडेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. पाव मुळात घरातला नव्हताच.

मग आंबवण. पीठ झाकून ठेवलं की करण्यासारखं काही उरत नाही. यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. पिठातली एन्झाइमं स्टार्चची साखर करतात, यीस्ट ती साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड व थोडं मद्य सोडतं. वैशाखात हे काम तासाच्या आत उरकतं. पौषात पीठ मख्खासारखं बसून राहतं आणि आपण दर थोड्या वेळानं कापड उचलून बघत राहतो. इडलीचं पीठ आणि विरजण यांच्यावर वाढलेल्या माणसाला ही वाट बघणं नवीन नाही. नवीन आहे तो वास. थोडासा दारूचा, थोडासा पिकलेल्या फळाचा.

या वासातच पावाचा आपल्या किनाऱ्यावरचा इतिहास आहे. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांना रोजच्या जेवणाला पाव हवा होता आणि चर्चमधल्या विधीलाही गव्हाची भाकर हवी होती. पीठ फुगवायला त्यांच्याकडचं आंबवण इथं नव्हतं. पण माड होते आणि माडाची सूर होती. झाडावरून उतरवल्यावर काही तासांत आपोआप फसफसणारी ही सूर पिठात पडली आणि पाव फुगला. जेझुइट पाद्र्यांनी सासष्टीतल्या लोकांना भट्टीचं काम शिकवलं असं सांगतात, आणि त्यात माजोर्डा गावाचं नाव आधी घेतात. गोव्याचा पोदेर अजूनही सायकलवर टोपली बांधून भोंगा वाजवत सकाळ-संध्याकाळ दारोदार फिरतो. त्याच्या टोपलीत उंडे असतात, कोंड्याची पोई असते, फुलपाखरासारखा कात्रे पाव असतो, बांगडीच्या आकाराची कडक कांकणं असतात. सूर काढणारे रेंदेर कमी झाले, तसं टोपलीतल्या पावातही बहुतेक ठिकाणी यीस्टच आलं.

वसईतही तेच झालं. 1534 पासून 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेईपर्यंत तिथं पोर्तुगीजांचा अंमल होता. वसई आणि मुंबईच्या परिसरातले ईस्ट इंडियन ख्रिस्ती मराठीचीच एक बोली बोलतात आणि सणावाराला आंबवलेल्या पिठाचे गोल फुगे तळतात. जुन्या रीतीत त्यातही सूरच असायची. आणि याच पट्ट्यात, गोव्यापासून वसईपर्यंत, एक गोष्ट सांगितली जाते. पाद्र्यांनी रात्री विहिरीत पाव टाकला, सकाळी गाव ते पाणी प्यायलं आणि अख्खं गाव बाटलं. असं खरोखर कुठं घडलं की नाही, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. पाण्यात भिजलेल्या पावाच्या एका तुकड्यात अख्ख्या गावाची जात घालवण्याचं सामर्थ्य आहे, हे ऐकणाऱ्यांना पटत होतं, हे महत्त्वाचं.

म्हणूनच 1849 मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली तेव्हा तिच्या दीक्षाविधीत पाव आला. मराठीचं व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर तिच्या प्रवर्तकांपैकी. सभा जातिभेद मोडू पाहत होती, पण गुप्तपणे. आत येणाऱ्यानं ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. व्याख्यानात जातिभेदाविरुद्ध बोलायला जीभ पुरते. इथं तीच जीभ पावाला लावावी लागत होती. बाहेर कुणाला कळू नये म्हणून केवढी काळजी घेत असतील! 1860 च्या सुमारास सभेची कागदपत्रं चोरीला गेली, सभासदांची नावं फुटण्याची भीती पसरली आणि सभा विरली. पुढं 1867 मध्ये प्रार्थना समाज निघाला, तोवर या मंडळींना उघड बोलण्याचं बळ आलं होतं. पण पुण्यात 1890 मध्येसुद्धा, पंच हौद मिशनमध्ये मिशनऱ्यांनी पुढं केलेला चहा आणि बिस्किटं यांवरून केवढं रण माजलं. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक दोघंही त्या दिवशी तिथं होते. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी नावं वर्तमानपत्रात छापवून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तापर्यंत गेलं. कुणी चहा प्यायला, कुणी पेल्याला नुसता हात लावला, याचा हिशेब मांडला गेला.

माझ्या आजीच्या "पायानं तुडवतात"मध्ये हे सगळं होतं. जातीचं, धर्माचं नाव घेण्यापेक्षा पायाचं नाव घेणं सोपं.

एवढं मनात घेऊन मी फुगलेलं पीठ दाबते. वायू सुस्कारून बाहेर पडतो. नऊ गोळे तोलून घेते, प्रत्येकाची कड आत दुमडून वरचा भाग ताठ करते आणि तूप लावलेल्या चौकोनी डब्यात तिनाच्या तीन ओळी लावते. दोन गोळ्यांत बोटभर जागा. पहिल्यांदा हे करणाऱ्याला वाटतं, जागा जास्त ठेवली तर पाव सुटे, सुबक, सगळीकडून सोनेरी होतील. होतात. आणि कडक होतात. कारण भट्टीतली कोरडी हवा जिथं पिठाला लागते तिथं पाणी उडतं, पृष्ठभाग वाळतो, दीडशे अंशांच्या आसपास तांबूस होतो आणि कवच धरतो. लादीत मात्र गोळे फुगत फुगत एकमेकांना भिडतात. जिथं भिडले तिथं हवा पोचत नाही. दोघांमध्ये कोंडलेली वाफ दोघांनाही मऊ ठेवते. नऊपैकी मधल्याला चारी बाजूंनी शेजारी, म्हणून तो सगळ्यांत मऊ. कोपऱ्यातल्याला दोनच, म्हणून त्याच्या दोन कडा दाताखाली जाणवतात. लादी पावाचा मऊपणा निम्मा दूध-लोण्याचा असेल. उरलेला निम्मा दाटीचा आहे.

यावरून लगेच समाजाला उपदेश करावा असा मोह होतो, पण पावच तो करू देत नाही. कारण या मऊपणाची किंमतही त्याच्या अंगावर दिसते. शेजाऱ्यापासून तोडलेला पाव बाजूनं फिक्का असतो, तंतू सुटलेला असतो, त्याला स्वतःचा पुरा आकार नसतो. सोनेरी रंग फक्त डोक्यावर. उलट इराण्याकडचा ब्रून पाव सुटा भाजलेला, चारी अंगांनी खरपूस, मस्का लावून चहात बुडवला तरी लगेच विरघळत नाही. वड्याला लादीच हवी, चहाला ब्रून. दादर स्टेशनबाहेर 1966 मध्ये अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला असं मानतात. तो कडक पाव असता तर धावत्या गिऱ्हाइकाला एका हातानं दाबून खाता आला असता का, मला शंका आहे. कोल्हापूरनं मात्र मिसळीला लादीही नाकारली आणि जाड कापाचा ब्रेड घेतला. रस्सा प्यायला तोच बरा, असं तिथली माणसं ठामपणे सांगतात, आणि कोल्हापुरात बसून त्यांच्याशी वाद घालू नये.

माझा ओव्हन 190 अंशांवर तापतो. वीसेक मिनिटं. पहिल्या काही मिनिटांत पाव झपाट्यानं वर येतात, कारण आतला वायू प्रसरण पावतो आणि यीस्ट मरण्यापूर्वी शेवटचा जोर करतं. साधारण 55 ते 60 अंशांना त्याचं काम संपतं, पुढं स्टार्च शिजतो, प्रथिनं घट्ट होतात आणि फुगलेला आकार कायम होतो. बाहेर काढल्याबरोबर वर लोणी फिरवून ओलसर फडकं टाकलं, की डोक्यावरची सालही वाफेनं नरम पडते. नऊ पावांसाठी माझी अख्खी सकाळ जाते, विजेचं मीटर फिरतं ते निराळं.

तेव्हा कोपऱ्यावरच्या बेकरीचा हिशेब मनात येतो. लहानपणी दिवाळीच्या आधी आई रवा, मैदा, पिठीसाखर आणि डालडा पिशव्यांत भरून बेकरीत न्यायची आणि नानकटाई भाजून आणायची. तेवढ्या निमित्तानं आम्ही गल्ल्याच्या पलीकडे जात असू. आत अंधार, पिठानं पांढरी झालेली लांबच लांब टेबलं, बनियन घातलेली माणसं, आणि भिंतीतल्या एका लहान तोंडामागं विटांची खोल, लाल, मोठी खोली. लांब दांड्याच्या फळीनं ते पत्रे आत सरकवायचे. कुठला पत्रा कुणाचा, हे लिहून न ठेवता त्यांच्या लक्षात असायचं. ती माणसं संध्याकाळी पीठ लावायची आणि पहाटे, गाव झोपेत असताना, भाजायची. त्यांत कितीतरी जण उत्तर प्रदेशातून आलेले असत, भट्टीच्या वरच्या माळ्यावरच झोपत. घरची नानकटाई भाजणारे हात आईला चालत होते. त्या हातांचं नाव-गाव तिनं कधी विचारलं नाही, आणि आजीनंही ती नानकटाई खाल्ली. पीठ आपलं होतं, असं तिचं म्हणणं.

त्या लाकडाच्या भट्ट्यांचे दिवस आता भरत आले. मुंबईच्या हवेचा प्रश्न न्यायालयात गेला आणि जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयानं कोळसा-लाकडावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. जुन्या फर्निचरचं, रंग लावलेलं भंगार लाकूड जाळल्यावर जो धूर निघतो तो आधी भट्टीपुढं उभ्या राहणाऱ्याच्या छातीत जातो. म्हणून चवीसाठी भट्टी वाचवा, असं मला ओरडता येत नाही. पण भट्टी बदलायचा खर्च लहान बेकरीवाल्यानं कुठून आणायचा, आणि लादी दोन रुपयांनी महागली की आपण केवढी कुरकुर करतो, हे दोन प्रश्न एकत्र विचारायला हवेत. स्वतः पाव करायला लागल्यापासून मी ती कुरकुर सोडली आहे.

घरच्या पावाची एक अडचण मात्र कुणी आधी सांगत नाही. आमच्या घरात माणसं थोडी, पाव नऊ. आणि पाव भट्टीतून निघाल्या क्षणापासून शिळा होऊ लागतो. शिजताना विस्कटलेले स्टार्चचे रेणू गार होता होता पुन्हा ओळीत बसू लागतात, पाणी सोडतात आणि पाव ताठरतो. फ्रिजच्या थंडीत तर ही क्रिया आणखी वेगानं होते, म्हणून पाव फ्रिजमध्ये ठेवणं म्हणजे त्याला मुद्दाम म्हातारं करणं. उकडीनं एखादा दिवस वाढवून मिळतो, त्यापलीकडे नाही. तेव्हा चार-पाच पाव ताटलीत घालून मजल्यावर वाटावे लागतात.

आणि दारात प्रश्न विचारले जातातच. पलीकडच्या काकू विचारतात, "अंडं नाही ना गं यात?" समोरच्या घरी यीस्ट चालतं की नाही यावर आधी आतल्या आत चर्चा होते, मग ताटली घेतली जाते किंवा हात जोडून परत केली जाते. एक आजोबा मैदा आतड्याला चिकटतो असं सांगतात आणि दोन पाव ठेवून घेतात. कुणाच्या हातचा हा प्रश्न मावळला, पण कशाचा हा प्रश्न त्याच दारात त्याच सुरात उभा आहे. मी सगळ्यांना खरं उत्तर देते. नाही म्हणणाऱ्यांचा राग येत नाही. आजीजवळ वाढलेल्या माणसाला तो येऊ नये. पण उत्तर देऊन होईपर्यंत मजल्यावरची पोरं ताटलीतले पाव उचलून जिन्यात पोचलेली असतात. कुणाचे हात, कुठलं घर, आत काय घातलंय, त्यांनी काहीही विचारलेलं नसतं. खालच्या पायरीवरून एवढीच तक्रार वर येते, की मागच्या वेळी लोणी जास्त होतं.